हरलेल्या संघाचे एकशे चार जोर

शुक्रवार, ९ सप्टेंबर २००५, पहाटे ४ वाजून ४० मिनिटे. नेपरव्हिलहून निघण्याची ही वेळ मी वहीत लिहिली आणि थोड्याच वेळात खोडली. कारण लाडवांचा डबा ओट्यावरच राहिल्याचे काकूंना हमरस्त्याला लागता लागता आठवले आणि काकांनी गाडी मागे वळवली. दुसरी नोंद ४ वाजून ५६ मिनिटांची आहे. चुकीची नोंद खोडल्याशिवाय पुढची करायची नाही, हा प्रयोगशाळेने मला लावलेला नियम. त्या हंगामात तो मी एकदाच मोडला.

माझी चुलतबहीण रेवा, काका-काकूंची एकुलती एक, त्या जुलैत पूर्वेकडच्या एका लष्करी अकादमीत दाखल झाली होती. चार वर्षे अभ्यास आणि कवायत, आणि मग सैन्यात अधिकारी. युद्ध चालू होते. रेवाने हा बेत घरी सांगितला त्या दिवसापासून काकूंनी गाडीत बातम्या लावू दिल्या नव्हत्या. पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला केव्हाही अकादमी सोडून येता येते, एवढीच त्यांची आशा होती, आणि त्या आशेला त्यांनी कागदावर उतरवले होते. मी इलिनॉयमध्ये ज्या विद्यापीठात द्रवगतिशास्त्रात पीएच.डी. करत होते, तिथला प्रवेश-अर्ज भरून, कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावून, तो त्यांनी माझ्या पिशवीत घातला होता. उणीव होती फक्त रेवाच्या सहीची. मुदत एक डिसेंबर.

"तू विचार तिला," काकू म्हणाल्या. "मी विचारलं की ती फाइन म्हणते. तू सायन्सवाली आहेस, तुला खरं काढता येतं."

सायन्सवाल्यांविषयी इतका उदार गैरसमज मी तोवर ऐकला नव्हता. पण मलाही रेवा माझ्या विद्यापीठात आलेली हवीच होती, त्यामुळे मी तो दुरुस्त केला नाही.

शनिवार, १० सप्टेंबर : बांधाचा वाद

अकादमी एका रुंद नदीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर बसली आहे. दगडी इमारती इतक्या करड्या आणि रेषेत, की झाडे वाकडी उगवल्याबद्दल ओशाळल्यासारखी दिसतात. त्या दिवशी हंगामातला पहिला अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना घरच्या माणसांना भेटण्याची परवानगी सामन्यानंतरच मिळते. म्हणून आम्ही तिघे, ज्यांना त्या खेळाचा एकही नियम ठाऊक नव्हता, सकाळी नऊ वाजता मैदानाच्या वाहनतळावर हजर झालो.

वाहनतळ म्हणजे जत्राच होती. लोक गाड्यांची मागची दारे उघडून, शेगड्या पेटवून, टेबले मांडून चार तास आधीपासून खात बसतात. आपल्याकडे कार्य आटोपल्यावर पंगत बसते. इथे निकाल लागण्याआधीच जेवून घेतात. संघ बघितल्यावर या पद्धतीतला शहाणपणा ध्यानात आला.

शेजारच्या ट्रकपाशी डोना नावाची पन्नाशीची बाई भल्या मोठ्या पातेल्यात राजमा-खिमा ढवळत होती. तिचा धाकटा मुलगा संघात, एकसष्ट नंबरचा. पुढच्या रांगेत उभे राहून समोरच्याची धडक खायची, हे त्याचे काम.

"चेंडूला हात लागतो का त्याचा?" काकूंनी इंग्रजीत विचारले.

"तीन वर्षांत एकदा," डोना म्हणाली. "चुकून."

डोनानेच आम्हाला तिथली रीत समजावली. संघाने गुण मिळवला की पहिल्या वर्षाची सगळी मुले-मुली प्रेक्षकांतून धावत कठड्याखाली, गवतावर उतरतात आणि तोवरच्या एकूण गुणांइतके जोर काढतात. सात गुण झाले की सात. पुढे चौदा झाले की पुन्हा पहिल्यापासून चौदा. शाळेत असताना आम्हाला गृहपाठ विसरल्याबद्दल जोर काढायला लावत. ज्या आनंदाची पावती शिक्षेच्या चलनात मिळते असा आनंद मी प्रथमच पाहत होते.

दुसरा नियम रेवाच्या तुकडीतला. संघ जिंकेपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांनी जेवणाच्या टेबलावर विचारल्याखेरीज बोलायचे नाही, आणि रविवारी घरी फोन करायचा तो दहाच मिनिटे. संघ जिंकला की जीभही सुटते आणि फोनही.

काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे यांनी जिंकायला हवं."

"हो."

"मग नीट शिकवत का नाहीत यांना?"

सामना सुरू झाला. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, आणि सरकले की नाही असा संशय आला की पट्टेरी सदऱ्यातली माणसे खरोखरीची साखळी आणून जमीन मोजतात. काकांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, भूमापन खात्यात होते. काकांना तिथेच खेळ समजला. "हा खेळ नाहीच," ते म्हणाले. "हा बांधाचा वाद आहे. ती बघ, मोजणीची साखळी आली. आता दोघंही म्हणणार, माझ्या हद्दीत आलायस."

आपल्या बाजूची हद्द दुपारभर आक्रसत गेली. निकाल १७ विरुद्ध ३४. गुण तीनदा मिळाले : सात, मग चौदा, मग सतरा. म्हणजे जोर अडतीस. मी वहीत रकाने आखले : तारीख, आपले गुण, त्यांचे गुण, रेवाचे जोर.

सामन्यानंतर करड्या गणवेशातली रेवा आमच्या टेबलापाशी आली. दोन तासांची सुटी होती. ती खुर्चीच्या काठावर ताठ बसली, लाडू सरळ रेषेत तोंडाच्या उंचीपर्यंत उचलला आणि मग, अकादमीच्या शिस्तीप्रमाणे, काटकोनात आत नेला.

"बाळा, इथे कोणी बघत नाहीये," काकू म्हणाल्या.

"समबडी इज ऑल्वेज वॉचिंग, आई."

"मी बघतेय म्हणूनच सांगतेय. नीट खा."

परत फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेले. मोठ्या सफाईने विषय काढावा असे ठरवले होते, प्रत्यक्षात म्हणाले, "रेवा, परत यायचंय का तुला?"

"आईने पाठवलं ना?"

"हो. फॉर्मपण आहे पिशवीत."

"कुंकू लावलेला?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"यू गाइज आर सो ऑब्व्हियस," ती म्हणाली. काही पावले ती चालत राहिली, पुढे बघत, हात विजारीच्या शिवणीला लावून. "मला नाही माहीत, ताई. रिअली. रोज सकाळी वाटतं निघून जावं, रात्री वाटतं एक दिवस अजून. आस्क मी व्हेन वी विन. तेव्हा सांगते."

"आणि नाही जिंकलात तर?"

"टेन मोर गेम्स आहेत. स्टॅटिस्टिकली समथिंग हॅज टू हॅपन."

"असं काही नसतं," मी म्हणाले. शास्त्राची बाजू सोडणे मला कोणत्याही भावनिक प्रसंगी जमलेले नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर : शून्य

मधल्या पाच आठवड्यांत संघ चार सामने हरला. ते मी संगणकावर रेडिओचे समालोचन लावून ऐकले आणि वहीत चढवले. त्याच काळात काकूंमध्ये जो बदल झाला त्याला स्थित्यंतर याहून कमी शब्द पुरणार नाही. जी अकादमी त्यांना डोळ्यांसमोर नको होती, तिच्या संघाच्या विजयासाठी त्या शनिवारी दुपारी देवापुढे दिवा लावून बसू लागल्या. रविवारी फोनशेजारी स्वयंपाकघरातला टायमर असे. दहा मिनिटांतली पहिली दोन रेवाच्या खाण्यापिण्याची, उरलेली आठ संघाची.

"त्या एकसष्टला सांग, गुडघ्यात वाकत नाही तो. ताठ उभा राहिला की ढकलणारच."

"आई, ही इज अ सीनियर. मी त्याच्याशी बोलू पण शकत नाही."

"मग मी त्याच्या आईला सांगते."

मी एक गृहीतक मांडले होते. जोर जितके जास्त, तितका थकवा जास्त. थकवा जितका जास्त, तितक्या वेळा रेवा फोनवर "फाइन" म्हणणार. पाच सामन्यांचे पाच बिंदू आलेखावर मांडले. रेषा माझ्या अपेक्षेच्या उलट दिशेला उतरत होती, म्हणून मी आकडे अपुरे असल्याचे ठरवले.

पंधरा ऑक्टोबरला पुन्हा अकादमीच्या मैदानावर सामना होता. या खेपेस काकूंनी थालीपिठाची भाजणी नेली होती. डोनाने आपली कोळशाची शेगडी मोठ्या मनाने पुढे केली, आणि काकूंनी पहिले थालीपीठ तिच्या सळयांवर थापले. ते क्षणभर थांबले, मधोमध खचले, आणि चार पट्ट्यांत विभागून निखाऱ्यांत गेले. सळयांमधले अंतर पाऊण इंच होते. मी मोजले, पण आधी मोजायला हवे होते, हे काकूंनी ऐकवलेच. डोनाने ट्रकमधून ओतीव लोखंडाचा जड तवा काढून दिला. पुढची नऊ थालीपिठे उत्तम झाली. त्यातली चार एकट्या डोनाने खाल्ली, लोण्याच्या गोळ्याला तिने दही समजून सुरुवात केली तरीही.

खाता खाता ती म्हणाली, "माझा मोठाही इथूनच बाहेर पडला. आता इराकमध्ये आहे. मंगळवारी ई-मेल येते त्याची."

काकूंचा हात तव्यावर थांबला. "दर मंगळवारी?"

"आली तर."

काकांसाठी भाजलेले थालीपीठ काकूंनी तिच्या ताटात वाढले.

सामना रटाळ होता. तिसऱ्या सत्रापर्यंत आपले शून्य, त्यांचे वीस. मग एकाएकी आपल्या बाजूच्या एका सडपातळ खेळाडूने चेंडू घेऊन साठ यार्ड धाव घेतली आणि तो सीमेपार जाऊन पडला. साऱ्या मैदानाने श्वास सोडला. टचडाउनचे सहा, नंतरच्या किकचा एक. किक चुकत नाही हे गृहीत धरून मी "आपले गुण" या रकान्यात ७ लिहून मोकळी झाले. रेवाची तुकडी कठड्यावरून कधी उतरली ते कळलेही नाही. शेकडो मुले-मुली गवतावर पालथी पडून, हात टेकून, मोजणीची वाट पाहत होती.

तेवढ्यात मैदानाच्या मध्यावर एक पिवळे फडके पडलेले दिसले. पंचांनी आपल्या बाजूची चूक धरली होती. धाव रद्द, गुण रद्द. ती सारी मुले एकही जोर न काढता उठली आणि पायऱ्या चढून परत गेली. रेवा शेवटी उठली. मी वही मिटून पिशवीत घातली.

शेवटी निकाल शून्य विरुद्ध सत्तावीस.

त्या दिवशी रेवाने काही खाल्ले नाही. तळहात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. त्यांना गवताचा एक डागही नव्हता.

"आम्ही ऑलरेडी खाली होतो, ताई," ती म्हणाली. "हात टेकले होते."

माझ्या गृहीतकाचे चिन्ह उलटे होते. तिला जोर दमवत नव्हते. ते काढायला न मिळणे दमवत होते. वही उघडून हा निष्कर्ष लिहावा असे मला त्या वेळी वाटले नाही, हे माझ्या शिस्तीच्या दृष्टीने नोंदण्याजोगे आहे.

परतीच्या वाटेवर काकूंनी विचारले, "आज विचारलंस का?"

"नाही."

"बरं केलंस."

शनिवार, १९ नोव्हेंबर : शेवटचा

अकरावा सामना. तोवरचे दहाही हरलेले. अर्जाच्या मुदतीला बारा दिवस उरले होते आणि रेवाचे उत्तर विजयाला बांधलेले. नदीवरून येणारा वारा हाडात शिरत होता आणि हिम भुरभुरत होते. काकूंच्या डोक्यावर अकादमीची लोकरी टोपी होती, डोनाने दिलेली. डोनाच्या टेबलावर भाजणीचा डबा होता, काकूंनी दिलेला. टेबलाचा एक पाय खड्ड्यात असल्याने ते डुगडुगत होते, तरी तव्यावरून नजर न काढता काकू मला म्हणाल्या, "आज जिंकले की लगेच विचारायचं. आणि जे म्हणेल ते म्हणेल."

"आणि हरले तर?"

"तोंड बंद ठेव, मेधा."

संघ नेहमीसारखाच खेळला. समोरच्यांचे एकतीस झाले तेव्हा पाचच मिनिटे उरली होती. काकू उभ्या राहून "वाक, एकसष्ट, वाक" असे मराठीत ओरडत होत्या, आणि डोना अर्थ न कळताही तेच शब्द ओरडत होती. एकसष्ट खरेच वाकला असावा. कारण संघ कसाबसा पुढे सरकला, चौथ्या संधीला लांबून लाथाडलेला चेंडू दोन खांबांमधून गेला, आणि फलकावर ३ उमटले. रेवाची तुकडी धावत खाली आली. तीन जोर. एवढ्यावर हंगाम संपला.

हरणाऱ्या संघानेही सामन्यानंतर आपल्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून अकादमीचे गीत म्हणायचे असते. ते संपले, लोक उठू लागले. पण पहिल्या वर्षाची मुले कठड्याखालून हलली नाहीत. त्यांच्यात काहीतरी कुजबुज चालली होती. मग त्यांच्यातली एक मान वळवून प्रेक्षकांत कोणाला तरी शोधू लागली. ती रेवा होती.

"ताई," तिने खालून हाक दिली. "होल सीझन. किती?"

मला समजायला क्षणभर लागला. सगळ्या हंगामाचे गुण. दर सामन्याचे वेगळे वेगळे त्यांना तोंडपाठ असतात. बेरीज कोणी केली नव्हती. ती माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, दोनदा ताडून पाहिलेली, तयार होती.

"एकशे चार," मी ओरडले, मग इंग्रजीत.

बाजूला उभ्या असलेल्या वरच्या वर्षाच्या मुलाने घड्याळ पाहिले, आकाश पाहिले आणि मान हलवली. सगळी पालथी पडली.

पहिले तीस एका दमात झाले. साठनंतर रांगा विस्कटल्या. कोणी गुडघे टेकून थांबे, शेजारचा त्याच्यासाठी थांबे, मग दोघे बरोबर मोजत. खेळाडू कपडे बदलायला जाता जाता थबकले. एकसष्ट नंबर शिरस्त्राण काखेत धरून उभा राहिला, आणि मग तोही हिमात पालथा झाला. काकू कठड्याला टेकून मराठीत मोजत होत्या : "एक्क्याण्णव, ब्याण्णव, हात सरळ कर रेवा, त्र्याण्णव." एकशे चार झाले तेव्हा टाळ्या वाजवायला मोजकेच लोक उरले होते, पण त्यांनी त्या बराच वेळ वाजवल्या. या वेळी काकांना बांधाचा विनोद सुचला नाही.

तासाभराने रेवा टेबलापाशी आली. तळहात लाल, कोपरापर्यंत चिखल. तिने थालीपीठ दुमडून सरळ तोंडात कोंबले आणि माझ्यापुढे हात केला. "वही दाखव."

ती रकान्यांवरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली. "ताई, ऑक्टोबर फिफ्टीन्थ. सेव्हन?"

मी पाहिले. ७. माझ्याच अक्षरात, न खोडलेले.

"दॅट वॉज झीरो," रेवा म्हणाली.

"हो."

"म्हणजे एकशे चार नाही."

"सत्त्याण्णव," मी म्हणाले. "सात तुम्ही जास्त काढलेत. सगळ्यांनी. माझ्यामुळे."

एकसष्ट नंबरने, जो आईच्या हातून तिसरे थालीपीठ घेत होता, आपल्या दंडांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. डॉक्टरेटच्या वाटेवर असलेल्या व्यक्तीला इतके लहान वाटणे शक्य आहे, याची मला कल्पना नव्हती.

रेवा मात्र घास चावत विचार करत होती. "इट्स ओके," ती म्हणाली. "नेक्स्ट इयर नव्या मुलांना पहिला टचडाउन फ्री. सात आम्ही ऑलरेडी मारलेत."

"असं चालतं?" काकांनी विचारले.

"व्हाय नॉट? काउंटिंग करायला मीच असणार आहे."

ती पुढचा घास घेत होती. आपण काय बोलून गेलो याकडे तिचे लक्ष नव्हते, किंवा असावे. मला ते ठरवता आले नाही. डोना ढवळायची थांबली. काकांनी चष्मा काढून पुसला. काकू तव्याकडे बघत राहिल्या, इतका वेळ, की थालीपिठाची एक बाजू करपली.

"मेधा," त्या म्हणाल्या, "तो कागद दे इकडे."

मी पिशवीतून अर्ज काढून दिला. त्यांनी तो एकदा दुमडला, पुन्हा दुमडला, वाकल्या, आणि डोनाच्या टेबलाच्या खड्ड्यातल्या पायाखाली सरकवला. टेबल डुगडुगायचे थांबले. कुंकवाचा कोपरा तेवढा बाहेर राहिला होता.

"पहिली मॅच सप्टेंबरातच असते ना?" त्यांनी डोनाला विचारले. "मला मंगळवारी फोन करत जा. आली तरी, नाही आली तरी."

गाडीत बसल्यावर मी वही उघडली. १५ ऑक्टोबरच्या ओळीतला सात खोडून शून्य केला, एकशे चार खोडून सत्त्याण्णव केले. मग खाली नवी ओळ आखली, पुढच्या वर्षाचा आकडा घातला, आणि "आपले गुण" या रकान्यात शाईने लिहिले : +७.